बंद महाविद्यालयांचा न मांडलेला हिशोब

(वज्रेश्वरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे ऐकू येतंय ना? बरं. पंख्याचा आवाज मध्ये मध्ये येईल, तो सांभाळून घ्या.

आजचा विषय शिळा झाला असं काहींना वाटेल. करोना, टाळेबंदी, बंद पडलेली कॉलेजं, सगळं मागे पडलं, आता काय उगाळायचं? पण आम्हाला तो संपलेला वाटत नाही. पुढची साथ केव्हा येईल हे डॉक्टर मंडळी सांगतील. मात्र साथ आली की पहिलं कुलूप शाळा-कॉलेजला लावायचं ही सवय आता आपल्या प्रशासनाच्या हाताला लागलेली आहे. आपल्याकडे पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. सरकारी निर्णयाची मात्र एक तर आरती होते, नाही तर शिमगा. आम्ही आज त्या दोन वर्षांतल्या निर्णयांकडे समीक्षक एखाद्या ग्रंथाकडे पाहतो तसं पाहणार आहोत. त्यात काय लिहिलंय, काय गाळलंय, आणि गाळलेलं कुणाच्या अंगावर आलं.

तारखा आधी समोर ठेवू, कारण या बाबतीत आठवण फार घसरते. मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातल्या शाळा-कॉलेजांचे वर्ग बंद झाले. सुरुवातीचा आदेश होता ३१ मार्चपर्यंतचा. म्हणजे दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांचे अकरा महिने झाले. कॉलेजचे वर्ग पुन्हा भरले ते १५ फेब्रुवारी २०२१ ला, तेही निम्म्या उपस्थितीने. तोवर दुसरी लाट दारात आली आणि काही आठवड्यांतच पुन्हा कुलूप. मग उघडले २० ऑक्टोबर २०२१ ला. नंतर ओमायक्रॉन आला. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात १५ फेब्रुवारीपर्यंत बंदीची घोषणा झाली आणि १ फेब्रुवारीलाच कॉलेजं उघडली. ही शेवटची बंदी लक्षात ठेवा. आधी सांगितलेल्या तारखेच्या आत उघडलेली ही एवढीच. बाकी सगळ्यांना शेपूट फुटत गेलं.

आता जो मुलगा किंवा मुलगी २०२० मध्ये बारावी झाली, तिचं बघा. प्रवेश ऑनलाइन, पहिलं वर्ष जवळजवळ सगळं ऑनलाइन, दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ती वर्गात बसली. तीन वर्षांच्या पदवीतलं निम्मं शिक्षण तिने कॉलेजची इमारत नीट न पाहता घेतलं. गुणपत्रिकेवर याची कुठेही नोंद नाही.

आता आमचं मत. पहिलं कुलूप बरोबर होतं. मार्च २०२० मध्ये कुणालाच काही ठाऊक नव्हतं. विषाणू कसा पसरतो, कुणाला मारतो, किती मारतो, यातलं फार थोडं माहीत होतं. अंधारात पाय टाकताना माणूस आधी थांबतो, तसं सरकार थांबलं. त्याबद्दल तक्रार करणारा माणूस आज शहाणा दिसेल, पण ते मागाहून सुचलेलं शहाणपण. आणि एप्रिल २०२१ ही आपण कुणी विसरलेलो नाही. नाशिकला ऑक्सिजनची टाकी गळली आणि रुग्ण तडफडून गेले. दोनच दिवसांनी आपल्या शेजारी विरारला रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या आठवड्यात कुणी उठून म्हणालं असतं की कॉलेज उघडा, तर आम्हीही त्याला बस म्हणालो असतो.

मग आमचा आक्षेप कशावर आहे? बंद करणं हा एक निर्णय असतो आणि बंद ठेवणं हा दुसरा. दुसरा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागतो, कारण रोज नवी माहिती हाती येत असते. आपल्याकडे पहिला घेतला गेला आणि दुसरा आपोआप होत राहिला. 'पुढील आदेशापर्यंत' हे तीन शब्द... दोनच म्हणा, जोडून लिहिले तर... या शब्दांनी किती काम केलं बघा. त्यात तारीख नाही, अट नाही, कोणता आकडा कुठे आला की उघडणार याचा पत्ता नाही.

आकड्यांचं बोलू. २०२० च्या शेवटी शेवटी अँड्र्यू लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक देशांतली माहिती एकत्र करून त्यांनी वयाप्रमाणे धोका काढला. लागण झालेल्यांपैकी किती मरतात? दहा वर्षांच्या मुलात ०.००२ टक्के, म्हणजे ५० हजारात एक. पंचविशीत ०.०१ टक्का, दहा हजारात एक. पंचावन्नला ०.४ टक्के, म्हणजे अडीचशेत एक. पंचाहत्तरला ४.६ टक्के, म्हणजे साधारण बाविसात एक. पंच्याऐंशीला १५ टक्के. हे आकडे मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत. आपल्याकडे दवाखाने अपुरे, तेव्हा तरुणांचा धोका याहून थोडा जास्तच धरा. तरी उतार तोच राहतो. पंचवीस आणि पंचाहत्तर यांच्यात चारशे-साडेचारशे पटींचा फरक आहे.

याची तुलना १९१८ शी करा. आपल्या आज्या-पणज्या जिला मानमोडी म्हणत ती साथ. तिने मारलं ते प्रामुख्याने वीस ते चाळिशीतल्या माणसांना. घरातली कर्ती माणसं गेली, म्हातारे आणि पोरं मागे राहिली. तसली साथ असती तर कॉलेज बंद ठेवण्याचा हिशोब एका ओळीत संपला असता. करोनाचं गणित उलटं होतं आणि ते उलटं आहे हे पहिल्या काही महिन्यांतच कळलं होतं. कॉलेजबंदीच्या आदेशांवर मात्र त्या माहितीची खूण दिसत नाही. साथ कोणतीही असो, उत्तर एकच.

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की धोका पोराला नव्हता, पोराच्या आजीला होता. आपल्याकडे घरं एकत्र. एका खोलीत सहा माणसं. मुलगा कॉलेजातून आजार घेऊन येईल आणि आजी जाईल. हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. बाविसात एक हा आकडा मघाशी आम्हीच सांगितला. पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेलं आहे की कॉलेज बंद केलं की मुलगा घरात बसतो.

भिवंडीच्या माणसांना हे सांगायला नको. टाळेबंदीचे पहिले आठवडे सरले आणि गोदामं पुन्हा धावू लागली. घरात बसलेल्या मुंबई-पुण्याला फोनवरून मागवलेला माल पोहोचवायचा होता ना! तो खोका भिवंडीतूनच निघतो. एकोणीस वर्षांच्या धडधाकट पोराला तिथे हमखास काम. टेम्पोच्या मागच्या हौद्यात दहा-बारा जण दाटीवाटीने जायचं, दिवसभर खोके उचलायचे, संध्याकाळी घरी यायचं, आजीच्याच खोलीत. या मुलाला वर्गात तीस जणांबरोबर खिडक्या उघड्या ठेवून बसवलं असतं तर आजीचा धोका किती वाढला असता? कदाचित वाढलाच नसता. निदान हा प्रश्न कुणी विचारायला हवा होता. बंद कॉलेजची तुलना उघड्या कॉलेजशी करताना, बंद कॉलेजचा विद्यार्थी रिकाम्या खोलीत एकटा बसलेला आहे असं चित्र धरलं गेलं. ते चित्र वरळीच्या किंवा कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमधलं असेल. अंबाडी नाक्याचं नाही.

याला देशपातळीवरचा एक पुरावा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये रक्तातल्या प्रतिपिंडांची चौथी पाहणी केली. पहिल्यांदाच त्यात सहा वर्षांवरची मुलं घेतली होती. एकूण लोकसंख्येत ६७.६ टक्क्यांमध्ये प्रतिपिंडं आढळली. आणि दहा ते सतरा वयाच्या मुलांमध्ये? ६१.६ टक्के. तेव्हा या मुलांना लस मिळालेली नव्हती. म्हणजे हे सगळं प्रत्यक्ष लागणीतून आलेलं. देशभर शाळा बहुतांश काळ बंद असताना दर पाच मुलांतल्या तिघांना लागण होऊन गेली होती. याचा अर्थ शाळा उघड्या असत्या तर काहीच फरक पडला नसता असा आम्ही काढणार नाही. लाट थोडी लांबवणं, तिचा शेंडा खाली आणणं, याला एप्रिल २०२१ मध्ये फार किंमत होती. पण कुलपाने मुलांना विषाणूपासून वाचवलं, हे वाक्य तरी यानंतर कुणी बोलू नये.

(जाता जाता एक गंमत. त्याच २०२१ सालच्या 'असर' पाहणीत मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं देशातलं प्रमाण आलं, तेही नेमकं ६७.६ टक्के. त्यातही फोन असलेल्या घरांतल्या साधारण चौथ्या हिश्श्यातल्या मुलांना तो हाताळायला मिळत नव्हता. विषाणू जितक्यांपर्यंत पोहोचला तितक्यांपर्यंतही ऑनलाइन शाळा पोहोचली नाही. योगायोगच, पण आम्हाला तो विसरता येत नाही.)

आता क्रमाकडे या. काय आधी उघडलं? एखादं सरकार कशाला किती महत्त्व देतं हे त्याच्या भाषणांपेक्षा उघडण्याच्या क्रमावरून कळतं. मद्याची दुकानं मे २०२०. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२०. देवळं १६ नोव्हेंबर २०२०, पाडव्याला. नववी ते बारावीच्या शाळा २३ नोव्हेंबरपासून, ठाणे-मुंबईत ती तारीखही पुढे गेली. लोकल सर्वांसाठी १ फेब्रुवारी २०२१. आणि सगळ्यांत शेवटी कॉलेजं, १५ फेब्रुवारी.

आपण वज्रेश्वरीत बसलो आहोत, तेव्हा देवळाबद्दल बोलायलाच हवं. वर आईचं देऊळ, वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडला अशी परंपरा, खाली तानसेच्या काठाने अकलोलीपासून गणेशपुरीपर्यंत उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याची कुंडं. सांधेदुखीचे, त्वचेच्या विकारांचे लोक पिढ्यान् पिढ्या इथे येतात. आजारी माणसांनी एकत्र येण्याचीच ही जागा. आणि या गावाचं पोट यात्रेकरूंवर चालतं. फुलवाले, नारळवाले, लॉजवाले, रिक्षावाले. देऊळ उघडलं याचा आम्हाला आनंदच आहे. पण देऊळ उघडल्यापासून कॉलेज उघडेपर्यंत बरोबर तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत गडाच्या पायरीवर हार विकत बसलेल्या मुलीला मुंबई-ठाण्याहून आलेल्या भाविकांच्या गर्दीत बसायची परवानगी होती, भिवंडीच्या वर्गात बसायची नव्हती. याला आरोग्याचा निकष म्हणता येईल का?

देवळांसाठी आंदोलनं झाली, घंटानाद झाला, राजभवन आणि मुख्यमंत्री यांच्यात ऑक्टोबर २०२० मध्ये गाजलेला पत्रव्यवहार झाला. हॉटेलवाल्यांची संघटना आहे, ती मंत्र्यांना भेटली. बारमालकांनी महसुलाचे आकडे पुढे केले. विद्यार्थ्यांच्या बाजूने कोण भेटलं? आम्ही सत्तेत तेव्हा असलेल्यांना दोष देतो आहोत असं समजू नका. विरोधकांनीही देवळाच्या दारात जेवढा आवाज केला त्याच्या दशांश आवाज कॉलेजच्या फाटकात केला नाही. आणि आम्ही शिक्षणातले लोक? आम्हाला पगार चालू होता.

खरं सांगायचं तर विद्यापीठांवरून भांडण झालंच, आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण कशावरून? परीक्षेवरून. जून २०२० मध्ये राज्याने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचं ठरवलं. कुलपती असलेल्या राज्यपालांचा विरोध. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैला सांगितलं की सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. युवासेनेसह अनेकांनी याचिका केल्या. २८ ऑगस्टला निकाल आला. राज्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मग ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनलाइन परीक्षा घेतल्या, पर्याय निवडा पद्धतीच्या. १२ ऑक्टोबरला मुंबई-ठाण्याची वीजच गेली आणि त्या दिवसाचे पेपर पुढे ढकलावे लागले. हे सगळं नाट्य पुन्हा वाचताना आम्हाला एक गोष्ट खटकत राहते. राज्यपाल, मुख्यमंत्री, आयोग, न्यायालय, विद्यार्थी संघटना, सगळे पाच महिने बोलत होते आणि शिकवणं हा शब्द जवळपास कुणाच्या तोंडी नव्हता. आरोग्याचा धोका परीक्षेच्या तीन तासांशी तोलला गेला. वर्षभराच्या अध्यापनाशी तोलायचा प्रसंगच आला नाही. विद्यापीठ म्हणजे पदव्या देणारं कार्यालय, एवढीच आपली सगळ्यांची समजूत असेल तर ते बंद ठेवण्याची किंमत आपल्याला शून्य वाटणारच. कार्यालय ऑनलाइन चालतं की!

किंमत मोजायचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. ओईसीडीसाठी हानुशेक आणि वोसमन या अर्थशास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०२० मध्येच हिशोब मांडला. शाळेच्या एका वर्षाचा तिसरा हिस्सा बुडाला तर त्या मुलांचं आयुष्यभराचं उत्पन्न साधारण तीन टक्क्यांनी घटेल. हा अंदाज आहे आणि जुन्या आकड्यांवरून पुढचं ताणलेलं आहे, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. आपल्याजवळचे आकडे जास्त बोलके. ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन सुमारे १४०० मुलांना गाठलं. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं होती ८ टक्के. अजिबात न शिकणारी ३७ टक्के. 'असर'चे महाराष्ट्राचे आकडे बघा. तिसरीत असून दुसरीचा मजकूर वाचता येणारी मुलं २०१८ मध्ये ४२ टक्के होती, २०२२ मध्ये साधारण २६ टक्क्यांवर आली. ही शाळेची मुलं आहेत. कॉलेजच्या मुलांचं कुणी असं मोजलंच नाही. करोनाचे बाधित रोज संध्याकाळी मोजले जात होते, तालुकावार. कॉलेज सोडून गेलेली मुलं कुणी तालुकावार मोजली? जे मोजलं जात नाही ते तराजूत पडत नाही, आणि मग तराजू एकाच बाजूला झुकलेला दिसतो.

कॉलेज म्हणजे काय हे वज्रेश्वरीच्या मुलीच्या बाजूने बघितल्याशिवाय कळायचं नाही. तिच्या दृष्टीने कॉलेज म्हणजे आधी एसटीचा पास. रोज सकाळी घराबाहेर पडण्याचं कारण. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या भिवंडीत, नाही तर वाडा, वसई, विरारला, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा जागी चार-पाच तास. ग्रंथालयात पंख्याखाली बसायला मिळणं. प्रयोगशाळा. एनएसएसचं शिबिर. आणि मुख्य म्हणजे 'पोरगी शिकतेय' हे पाहुण्यांना सांगायचं उत्तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. अशा समाजात कॉलेजचा पास हा दरवाज्याची कडी असतो. मोबाइलवरचा तास ती कडी होऊ शकत नाही. मोबाइल घरातच असतो, मुलगीही घरातच, चुलीपाशी. ऑनलाइन शिक्षणाची चर्चा नेटवर्क आणि डेटा पॅकवर अडकली. तेही होतंच, सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी तुम्ही वाचली असेल आणि कौतुकही केलं असेल. आम्हाला त्या बातमीचं कौतुक वाटलं नाही. पण नेटवर्क पूर्ण असतं तरी ही कडी गेलेलीच होती.

आता उघडण्याकडे या. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेज उघडलं ते लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी. ऐकायला अगदी रास्त. जरा हिशोब करू. बहुतेकांना मिळत होती कोव्हिशिल्ड, आणि तिच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. २० ऑक्टोबरपासून ८४ दिवस मागे जा, तारीख येते २८ जुलै. म्हणजे ज्याला २८ जुलैच्या आत पहिला डोस मिळाला, तोच पहिल्या दिवशी वर्गात बसू शकत होता. अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण राज्यात मे महिन्यात साठ्याअभावी थांबलं होतं, जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. राहिला एक महिना, लशीचा तुटवडा, आणि फोनवरून वेळ मिळवण्याची झटापट. त्या महिन्यात कुणाला मिळाली असेल, ठाण्याच्या सोसायटीतल्या मुलाला की तानसेच्या पलीकडच्या पाड्यावरच्या? ज्याच्याकडे फोन होता तो आधी ऑनलाइन शिकला आणि आधी वर्गातही बसला.

आणि वर्ग उघडून आठवडा होतो न होतो तोच ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, तो आजचा विषय नाही. पण हा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. विद्यार्थ्याला दोनतृतीयांश सवलतीचा पास असतो. वडापवाला पास घेत नाही. कागदावर कॉलेज उघडलं २० ऑक्टोबरला. शिरसाड-अंबाडी रस्त्यावरच्या ज्या मुलीच्या घरी रोज वडापला द्यायला पैसे नव्हते, तिच्यासाठी ते उघडलं पुढच्या उन्हाळ्यात, तेव्हा वर्ष संपत आलं होतं. बंदीच्या आदेशावर आरोग्य विभागाचं मत घेतलं जातं. उघडण्याच्या आदेशावर परिवहन विभागाचं मत कुणी घेतं का?

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. धोका आणि किंमत तोला असं सगळे म्हणतात. पण एका बाजूला जीव आणि दुसऱ्या बाजूला शिक्षण ठेवून तोलणं आम्हाला जमलेलं नाही, कुणाला जमलं असेल असं वाटत नाही. एक किलोत, दुसरं लिटरात. मात्र एक गोष्ट तोलाशिवायही दिसते. या बंदीचा फायदा एका पिढीला होता आणि किंमत दुसरी पिढी मोजत होती. फायदा साठीच्या पुढच्यांना, त्यांत निर्णय घेणारे मंत्री, कुलगुरू, सल्लागारही आले. किंमत एकोणीस वर्षांच्यांना. यात वाईट काही नाही. घरात असंच चालतं, आजी आजारी असली तर नातवंडं सहल सोडतात. पण घरात त्याची आठवण ठेवली जाते. पुढच्या वर्षी त्यांना सहलीला पाठवतात. म्हणजे ते उसनं असतं. समाजाने तरुणांकडून दोन वर्षं उसनी घेतली, आणि वहीत लिहिलीच नाहीत.

उलट काय केलं? २०२१ मध्ये बारावीचा निकाल लागला ९९.६३ टक्के. दहावीचा ९९.९५. परीक्षा न होता लागलेले हे निकाल. दुसरा मार्ग नव्हता हे मान्य. पण तो कागद हाती देऊन आपण म्हटलं की फिटलं बाबा तुझं. न फिटलेल्या उसनवारीवर 'पोचली' म्हणून सही घेतल्यासारखं हे झालं. २०२३ मध्ये नियमित परीक्षा आली आणि बारावीचा निकाल ९१.२५ वर आला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळा दिला की निकाल घसरला. फेड करायची तर कशी दिसली असती? पदवीला एक जादा सत्र, फुकट, ज्याला हवं त्याला. ग्रंथालयं आणि प्रयोगशाळा सुट्टीत उघड्या. शिष्यवृत्तीची मुदत दोन वर्षांनी पुढे. वसतिगृहात जागा वाढवून. यातल्या कशालाही नवं शास्त्र लागत नव्हतं, पैसे लागत होते, आणि जे घेतलंय ते परत द्यायचं आहे ही जाणीव लागत होती.

एक चांगलं उदाहरण सांगितलं नाही तर अन्याय होईल. जुलै २०२१ मध्ये राज्याने असं ठरवलं की ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही तिथे ग्रामपंचायतीच्या ठरावाने आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करता येतील, सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती, पालकांची संमती. या निर्णयात आम्ही इतका वेळ जे मागतो आहोत ते सगळं होतं. मोजता येणारी अट होती, निर्णय घेणारी माणसं जवळची होती, आणि ज्यांची आजी धोक्यात होती त्यांचाच शब्द शेवटचा होता. त्याच सुमारास राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने पालकांचं ऑनलाइन मत घेतलं तेव्हा ऐंशी टक्क्यांहून अधिकांनी शाळा सुरू करा म्हटलं. मग ऑगस्टमध्ये १७ तारखेपासून आणखी शाळा उघडायचा आदेश निघाला आणि कृती दलाच्या हरकतीनंतर तो दोन दिवसांच्या आत थांबवला गेला. कृती दलात कोण होतं? उत्तम डॉक्टर. आम्हाला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांना विचारलेला प्रश्न होता की धोका आहे का. डॉक्टरला हा प्रश्न विचारला तर उत्तर 'आहे' हेच येणार, आणि ते खरंच असणार. त्या टेबलावर एखादी आश्रमशाळेची अधीक्षिका, एखादा एसटीचा आगारप्रमुख, एखादी पदवीची विद्यार्थिनी बसवली असती तर प्रश्न बदलला असता. कॉलेजांसाठी तर गावपातळीवरचा तसा मार्गही कधी निघाला नाही. कॉलेज बंद की चालू हे मुंबईत ठरायचं आणि गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत एकदम लागू व्हायचं.

जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यात, चिंबीपाड्याच्या आश्रमशाळेत दोन डझनांहून जास्त मुलं बाधित निघाली. तेव्हा पुन्हा आवाज उठला की बघा, उघडलं की हे होतं. आम्ही ती बातमी वेगळी वाचली. शाळा चालू होती म्हणून मुलांची तपासणी झाली, आणि म्हणून ती बाधित आहेत हे कळलं. हीच मुलं पाड्यावर किंवा वीटभट्टीवर असती तर त्यांच्या तापाला नाव मिळालं नसतं. निवासी शाळा ही जेवणाची, झोपायची, औषधाची जागा असते. तिला कुलूप लावताना पोषण आणि निवारा यांनाही कुलूप लागतं. वसतिगृहात राहणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना हेच लागू आहे.

हल्ली पावसात तानसा फुगली, हवामान खात्याचा लाल इशारा आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. ते योग्यच. एक दिवसाची असते, कारण लिहिलेलं असतं, दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं की शाळा भरते. साथीच्या आदेशाकडूनही आम्ही यापेक्षा फार जास्त मागत नाही. किती दिवसांसाठी, कोणता आकडा कुठे आला की उघडणार, ते कोण ठरवणार, आणि बुडालेले दिवस कोणत्या पैशातून भरून देणार, एवढं त्या कागदावर लिहिलेलं असावं. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या धास्तीत, चार कलमांत उरकलेला. सरकारला आवश्यक वाटेल ते करण्याची मुभा त्याने दिली, केल्याचा हिशोब मात्र मागितला नाही. सव्वाशे वर्षांनी आपण त्याच कायद्याचा आधार घेतला. विद्यापीठांच्या अधिसभेत, विद्यार्थी परिषदेत, ग्रामसभेत हा विषय कुणी काढणार असेल तर आमच्याकडच्या तारखा आणि आकडे आम्ही आनंदाने देऊ.

वेळ झालेली दिसते. साडेसहाची भिवंडीची गाडी ज्यांना पकडायची आहे त्यांनी खुशाल उठावं, राग नाही. बाकीच्यांचे प्रश्न घेऊ. मागे खिडकीपाशी बसलेल्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, आधी त्या.